कोडेक पॅक टाकू का?

कंप्युटरवर व्हिडिओ चालत नाही म्हटलं की आजही कुणीतरी सांगतंच, ‘कोडेक पॅक टाक, सगळं चालेल.’ पॅक म्हणजे व्हिडिओ उलगडणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमांचा एकत्र गठ्ठा. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, आणि वीस वर्षांपूर्वी तो सल्ला बरोबरही होता. आज मात्र मी उलटं सांगेन. फक्त व्हिडिओ बघायचे असतील तर कोडेक पॅक टाकू नका. व्हीएलसी किंवा एमपीसी-एचसी असा एखादा प्लेअर टाका आणि मोकळे व्हा. पॅक लागतो तो वेगळ्याच कामासाठी. ते काम तुमचं आहे की नाही, हे ठरवायला थोडं आत डोकवावं लागेल.

सुरुवात आकड्यांपासून करू. फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८० ठिपके असतात. एका ठिपक्याचा रंग तीन बाइटांत मावतो, म्हणजे एक चित्र झालं सुमारे ६२ लाख बाइटांचं. सेकंदाला अशी २५ चित्रं धरली तर एका सेकंदाचे १५५ एमबी होतात. अडीच तासांचा सिनेमा असाच्या असा साठवायला १४०० जीबी लागतील, आणि त्यात अजून आवाज धरलेलाच नाही. प्रत्यक्षात तोच सिनेमा दोन-चार जीबीत बसतो. ही किमया दाबून लिहिण्याच्या पद्धतीची. बातम्यांच्या निवेदिकेचे ओठ हलतात, मागची भिंत तशीच राहते. मग भिंत दर वेळी नव्यानं कशाला लिहायची? अधूनमधून एखादं चित्र पूर्ण लिहायचं आणि पुढच्या चित्रांसाठी ‘मागच्यापेक्षा काय बदललं’ एवढंच नोंदवायचं. डोळ्याला उजेड-अंधारातले बारकावे जसे कळतात तसे रंगातले कळत नाहीत, म्हणून रंगाची माहिती आणखी कमी करायची. असं लिहायची आणि लिहिलेलं पुन्हा उलगडायची जी ठरलेली रीत, ती म्हणजे कोडेक. ती रीत जाणणाऱ्या प्रोग्रॅमलाही कोडेकच म्हणतात. व्हीसीडीला एमपीईजी-१ होता, डीव्हीडीला एमपीईजी-२. २००३ मध्ये एच.२६४ आला आणि अजूनही सगळीकडे तोच भेटतो. २०१३ मध्ये एच.२६५, म्हणजेच एचईव्हीसी, आला. २०१८ मध्ये एव्ही१. आवाजाचे कोडेक वेगळे: एमपी३, एएसी, एसी-३ वगैरे.

गोंधळ होतो तो फाईलच्या नावामुळे. नावामागचं एमपी४, एमकेव्ही किंवा एव्हीआय हे डब्याचं नाव आहे, आतल्या भाजीचं नाही. एकाच एमपी४ डब्यात एच.२६४ असू शकतो, एचईव्हीसी असू शकतो, एव्ही१ही असू शकतो. म्हणून शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन एमपी४ फायलींपैकी एक सुरळीत चालते आणि दुसरीला नुसता काळा पडदा. एमकेव्हीचं नाव बदलून एमपी४ केल्यानं काही होत नाही, तरी ते करून बघणारे पुष्कळ आहेत. आत काय आहे हे बघायचं असेल तर मीडियाइन्फो नावाचं एक छोटं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात फाईल ओढून टाकली की चित्राचा कोडेक, आवाजाचा कोडेक, रिझोल्यूशन, सगळं समोर येतं. पॅक शोधायला निघण्याआधी हे एकदा बघितलं तर निम्मी धावपळ वाचते.

आता पॅक आले कुठून ते बघू. १९९० च्या दशकात मायक्रोसॉफ्टनं विंडोजमध्ये व्हिडिओसाठी सामायिक व्यवस्था केली. आधी १९९२ मध्ये व्हिडिओ फॉर विंडोज, नंतर डायरेक्टशो. कल्पना हुशारीची होती. प्रत्येक प्रोग्रॅमनं आपापला कोडेक बाळगायचा नाही. कोडेक विंडोजमध्ये एकदाच बसवायचा आणि मीडिया प्लेअर, एडिटिंगचं सॉफ्टवेअर, खेळ या सगळ्यांनी तोच वापरायचा. मायक्रोसॉफ्टच्या बाहेरचे कोडेक थोडेसेच असते तर ही व्यवस्था छान चालली असती. पण १९९९ च्या सुमारास डिव्हएक्स आला. मायक्रोसॉफ्टच्याच एका एमपीईजी-४ कोडेकमध्ये फेरफार करून तो तयार झाला होता आणि त्यामागे झेरोम रोता हा फ्रेंच तरुण होता. अख्खा सिनेमा एका सीडीत, ७०० एमबीत, मावू लागला. मग २००१ मध्ये एक्सव्हिड आला, एसी-३ आवाजाच्या फायली आल्या, ऑग आणि मत्रोस्का (म्हणजे एमकेव्ही) हे डबे आले. विंडोज मीडिया प्लेअरला यातलं बरंचसं कळत नव्हतं.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जुळवलेल्या पीसींचा तो काळ. प्रत्येक फायलीसाठी वेगळा कोडेक शोधून डाउनलोड करणं म्हणजे सायबर कॅफेत एक चक्कर आणि एक कोरी सीडी. तेव्हा सगळे कोडेक एकत्र बांधून देणारे पॅक म्हणजे वरदानच वाटले. के-लाइट त्यातला सगळ्यात प्रसिद्ध. सीसीसीपी नावाचा दुसरा होता. तो जपानी ॲनिमे बघणाऱ्यांनी ॲनिमेच्या सबटायटलवाल्या फायलींसाठी बांधलेला. तो आता बंद झाला आहे. एफएफडीशो, हाली स्प्लिटर ही पॅकमधली नावं ज्यांना आठवतात त्यांनी त्या काळी रात्री जागवल्या आहेत, एवढं नक्की.

त्रास सुरू होतो तो या सामायिकपणामुळेच. समजा, एकाच प्रकारच्या व्हिडिओसाठी मशिनवर तीन कोडेक बसले आहेत. यातला कुठला वापरायचा? डायरेक्टशोमध्ये प्रत्येक कोडेक नोंदणी करताना आपला अग्रक्रमही एका आकड्यात सांगतो. ज्याचा आकडा मोठा, तो आधी. आकडा कोण ठरवतं, तर ज्यानं कोडेक लिहिला तोच! मग प्रत्येक जण स्वतःला मोठा आकडा देणार. दोन पॅक एकावर एक टाकले, त्यात डीव्हीडी प्लेअरच्या सॉफ्टवेअरनं आपला कोडेक घुसवला, की कुठला प्रोग्रॅम कुठल्या कोडेकला हाक मारील याचा भरवसा राहत नाही. काल चालणारा व्हिडिओ आज उलटा दिसतो, आवाज मागे पडतो, नाहीतर प्रोग्रॅमच बंद पडतो. विंडोज ७ मध्ये मायक्रोसॉफ्टनं काही प्रकारांसाठी आपलेच कोडेक पक्के करून टाकले, तर पॅकवाल्यांनी ते मोडायला वेगळी साधनं दिली. यात भर म्हणजे ३२ बिट प्रोग्रॅमला ३२ बिट कोडेक लागतो आणि ६४ बिटला ६४ बिट. एक बसवला की दुसऱ्याचं काम होत नाही.

आणखी एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. व्हिडिओ न उघडताही कोडेक चालतो. फोल्डर उघडलं की विंडोज एक्सप्लोरर प्रत्येक व्हिडिओचं छोटं चित्र दाखवतो, ते काढण्यासाठी तो बसवलेल्या कोडेकलाच कामाला लावतो. कोडेक सदोष असेल तर नुसतं फोल्डर उघडल्यावर एक्सप्लोरर बंद पडायचा. पुढे मायक्रोसॉफ्टनं हे काम ‘कॉम सरोगेट’ नावाच्या वेगळ्या प्रोसेसकडे दिलं. त्यामुळे एक्सप्लोरर वाचला, पण ‘कॉम सरोगेट हॅज स्टॉप्ड वर्किंग’ ही खिडकी अनेकांच्या पडद्यावर येऊन बसली. सुरक्षिततेच्या दृष्टीनंही हा भाग नाजूक आहे. कोडेक म्हणजे कुठून तरी आलेली गुंतागुंतीची फाईल उलगडणारा प्रोग्रॅम. त्यात चूक राहिली तर मुद्दाम बिघडवलेल्या फाईलमधून मशिनमध्ये शिरता येतं. २०१५ मध्ये अँड्रॉइडमध्ये सापडलेल्या ‘स्टेजफ्राइट’ त्रुटी याच जातीच्या. २०२० च्या जूनअखेरीस मायक्रोसॉफ्टलाही विंडोजच्या कोडेकमधल्या त्रुटींसाठी ठरलेल्या वेळापत्रकाबाहेर दुरुस्ती काढावी लागली होती. विंडोजचे स्वतःचे कोडेक निदान आपोआप अद्ययावत होतात. चार वर्षांपूर्वी टाकून विसरलेला पॅक मात्र होता तिथेच राहतो.

मग व्हीएलसी हे सगळं कसं टाळतो? तो विंडोजच्या सामायिक व्यवस्थेत पडतच नाही. सगळे कोडेक तो स्वतःच्या पोटात घेऊन येतो, स्वतःपुरतेच वापरतो आणि काढून टाकला की त्याच्याबरोबर तेही जातात. पॅरिसजवळच्या इकोल सेंत्राल या संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये हा प्रकल्प सुरू केला आणि २००१ मध्ये तो मुक्त सॉफ्टवेअर झाला. त्याच्या आत फायली उलगडण्याचं बरंचसं काम एफएफएमपेगचा कोड करतो. एफएफएमपेग हा फाब्रिस बेलार यानं २००० मध्ये सुरू केलेला प्रकल्प. एमपीव्ही प्लेअरच्या पोटात तोच आहे. क्रोम ब्राउझरमध्येही त्याचा भाग आहे. आणि गंमत बघा, आजच्या के-लाइट पॅकचा गाभा म्हणजे लाव्ह फिल्टर्स हा कोडेकचा संच. तेही एफएफएमपेगवरच उभे आहेत. थोडक्यात, पॅकमधून जे इंजिन मिळणार तेच व्हीएलसीतही आहे. फरक इतकाच की पॅक ते इंजिन अख्ख्या विंडोजला जोडतो आणि व्हीएलसी ते स्वतःजवळ ठेवतो. ‘व्हीएलसीत चालत नाही म्हणून पॅक टाकला’ यात म्हणून फारसा अर्थ राहत नाही. व्हीएलसीत फाईल चालत नसेल तर बहुधा दोष फाईलमध्ये असतो.

एमपीसी-एचसीबद्दलही सांगायला हवं. हा हलका, जुन्या धाटणीचा प्लेअर, आणि मला तो व्हीएलसीपेक्षा अधिक आवडतो. त्याच्या मूळ चमूनं २०१७ मध्ये काम थांबवलं; नंतर के-लाइट सांभाळणाऱ्यानंच तो पुढे चालू ठेवला. लाव्ह फिल्टर्स त्याच्या आतच असतात, त्यामुळे पॅकशिवायही तो पूर्ण आहे.

व्हीएलसी कुठून घ्यायचा, यालाही आपल्याकडे एक इतिहास आहे. २०२२ मध्ये भारतात व्हीएलसीची अधिकृत वेबसाइट अनेक महिने उघडत नव्हती. व्हीएलसी बनवणाऱ्या व्हिडिओलॅन संस्थेनं डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या मदतीनं ऑक्टोबरमध्ये दूरसंचार विभागाला कायदेशीर नोटीस पाठवली आणि नोव्हेंबरमध्ये बंदी उठली. मधल्या काळात लोकांनी जिथून मिळेल तिथून तो उतरवून घेतला. तुमच्याकडे त्या वेळची, भलत्याच ठिकाणाहून घेतलेली प्रत असेल तर ती काढून अधिकृत साइटवरून नवी घ्या.

भलतं ठिकाण हा कोडेकच्या बाबतीत खरा धोका. २००५ च्या अखेरीपासून झ्लॉब नावाचा ट्रोजन, म्हणजे कामाच्या सॉफ्टवेअरचं सोंग घेऊन येणारा घातक प्रोग्रॅम, पसरला तो याच वाटेनं. एखाद्या साइटवर व्हिडिओची चौकट दिसायची, खाली संदेश: ‘हा व्हिडिओ बघण्यासाठी कोडेक टाका.’ टाकलं की कोडेकच्या नावाखाली भलतंच काही आत यायचं. २००७ मध्ये तीच युक्ती मॅकवरही आली. आज वेबवरचे नेहमीचे व्हिडिओ ब्राउझर वेगळं काही न टाकता चालवतो. त्यासाठी वेबसाइटनं दिलेला कोडेक टाकायची गरज नसते. असा संदेश दिसला की ती खिडकी बंद करायची, बस.

आता हल्लीच्या काळातली सगळ्यात नेहमीची अडचण. पुतण्या अमेरिकेहून येतो, आयफोनवर काढलेले मुंजीचे व्हिडिओ पेन ड्राइव्हवर देऊन जातो आणि घरच्या कंप्युटरवर ते उघडत नाहीत. तेच व्हिडिओ व्हॉट्सॲपवर आले तेव्हा मात्र चालले होते. कारण साधं आहे. २०१७ च्या आयओएस ११ पासून आयफोन नेहमीच्या सेटिंगवर एचईव्हीसीत चित्रण करतो. व्हॉट्सॲप व्हिडिओ पाठवताना तो पुन्हा दाबून लहान करतो आणि नेहमीच्या एच.२६४ मध्ये बदलतो. पेन ड्राइव्हवर, किंवा व्हॉट्सॲपवरच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर, मूळ फाईल जशीच्या तशी येते.

विंडोज १० मध्ये एचईव्हीसीची सोय आधी आत होती. २०१७ च्या शरदातल्या अपडेटपासून ती वेगळी काढली गेली आणि मायक्रोसॉफ्ट स्टोअरमध्ये ‘एचईव्हीसी व्हिडिओ एक्स्टेन्शन्स’ या नावानं किरकोळ पैशांना विकायला ठेवली. कारण तंत्रज्ञानाचं नाही, पेटंटच्या पैशांचं आहे. एचईव्हीसीची पेटंटं बऱ्याच कंपन्यांकडे विखुरलेली आहेत आणि प्रत्येकाला वाटा हवा असतो. एव्ही१ जन्माला आला त्यामागेही मुख्यतः हाच वैताग होता. लोक इथं कोडेक पॅक टाकतात आणि तरीही विंडोजचं फोटोज ॲप ‘एक्स्टेन्शन विकत घ्या’ असंच म्हणत राहतं. साहजिक आहे. फोटोज आणि नवा मीडिया प्लेअर ही ॲप्स मीडिया फाउंडेशन या नव्या व्यवस्थेवर चालतात. पॅक आपले कोडेक जुन्या डायरेक्टशोत नोंदवतो. दोघांची गाठच पडत नाही. फोटोजमध्येच बघायचं असेल तर ते एक्स्टेन्शन घ्या, नाहीतर व्हीएलसीत उघडा. तिथे पैसे लागत नाहीत.

आवाजाचंही असंच एक प्रकरण नव्यानं झालं आहे. विंडोज ११ ची २४एच२ ही आवृत्ती कोऱ्या मशिनवर टाकली तर तिच्यात डॉल्बीचा एसी-३ कोडेक येत नाही. जुन्या डीव्हीडीवरून घेतलेल्या लग्नाच्या फायलींमध्ये बऱ्याचदा हाच आवाज असतो. चित्र दिसतं, पण मंगलाष्टकं मुकी. औषध तेच: स्वतःचे कोडेक बाळगणारा प्लेअर.

एचईव्हीसी चालतो पण धक्के खात चालतो, ही तक्रार मात्र वेगळी आहे. हे काम जड असतं, म्हणून ते शक्यतो ग्राफिक्स चिपमधल्या खास भागाकडे दिलं जातं. इंटेलच्या सहाव्या पिढीपासून, म्हणजे २०१५ पासून, साधा आठ बिटांचा (रंगाच्या छटा आठ बिटांत लिहिणारा) एचईव्हीसी चिपमध्येच उलगडतो. दहा बिटांचा सातव्या पिढीपासून. आयफोन १२ पासून एचडीआर चित्रण (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला टिपणारं) दहा बिटांत होतं. तुमच्याकडे चौथ्या किंवा पाचव्या पिढीचा सेकंडहँड ऑफिस लॅपटॉप असेल तर सगळा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो आणि ४के व्हिडिओ अडखळतो. जगातला कुठलाही पॅक त्या चिपमध्ये नवा भाग बसवू शकत नाही. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सखाली जीपीयूवर, म्हणजे ग्राफिक्स चिपवर, गेलात तर ‘व्हिडिओ डीकोड’ असा आलेख दिसतो. व्हिडिओ चालू असताना तो शून्यावर आणि सीपीयू, म्हणजे मुख्य प्रोसेसर, शंभराजवळ असेल तर दुखणं हेच. हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरनं फाईल १०८०पी एच.२६४ मध्ये बदलून घ्या. पुतण्यालाही सांगा की आयफोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, तिथे ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवड. फाईल मोठी होईल, पण सगळीकडे चालेल.

बाकी काही दुखण्यांशी कोडेकचा संबंधच नसतो. चित्रात हिरवे-करडे चौकोन येत असतील तर फाईल अर्धवट कॉपी झालेली किंवा बिघडलेली असते. पूर्ण लिहिलेलं चित्र हरवलं की त्यावर आधारलेली पुढची सगळी फिसकटतात. ओटीटी ॲपमध्ये ‘डाउनलोड’ केलेलं कुलूपबंद असतं, ते त्या ॲपबाहेर चालणार नाही. मराठी सबटायटलऐवजी प्रश्नचिन्हं किंवा चौकोन दिसत असतील तर सबटायटलची एसआरटी फाईल नोटपॅडमध्ये उघडून यूटीएफ-८ मध्ये जतन करा आणि प्लेअरमध्ये देवनागरी असलेला फॉन्ट निवडा. सोसायटीच्या सीसीटीव्हीचं फुटेज उघडत नसेल तर डबा त्या डीव्हीआर कंपनीचा खास असतो, आतला कोडेक बहुधा नेहमीचाच. कंपनीचा प्लेअर वापरा किंवा बॅकअप घेतानाच एमपी४ वा एव्हीआय मिळतं का बघा. प्रकरण पोलिसांत जाणार असेल तर मूळ फाईल जशीच्या तशी जपून ठेवा, बदललेली प्रत वेगळी.

मॅकवाल्यांचा हा प्रश्न बराच आधी संपला. क्विकटाइमला जादा कोडेक देणारा पेरियन २०१२ मध्ये थांबला. तिथे व्हीएलसी किंवा आयना हा प्लेअर टाका. उबुंटू या लिनक्स प्रणालीत ती बसवतानाच जादा मीडिया फॉरमॅटसाठी एक खूण करावी लागते, तेवढं पुरतं.

मग पॅक कुणी टाकावा? ज्याच्या कामाचा प्रोग्रॅम डायरेक्टशोवर चालतो आणि बदलता येत नाही, त्यानं. नाट्यगृहात किंवा कार्यक्रमात व्हिडिओ लावायची काही जुनी सॉफ्टवेअर अशी आहेत. व्हर्च्युअलडब या जुन्या एडिटिंग सॉफ्टवेअरवर जुन्या कॅसेटी कॅप्चर करणाऱ्यांना व्हिडिओ फॉर विंडोजचे खास कोडेक लागतात. ज्यांचं समाधान जुन्या विंडोज मीडिया प्लेअरशिवाय होतच नाही, असेही काही जण आहेत, त्यांच्याशी वाद घालू नये. एडिटिंगसाठी टाकू नका. प्रीमिअर किंवा दाविंची रिझॉल्व्ह आपले कोडेक स्वतःच बाळगतात. एमकेव्हीची छोटी चित्रं एक्सप्लोररमध्ये हवीत, एवढ्यासाठीही अख्खा पॅक नको. त्यापुरतं आयकॅरोस नावाचं साधन मिळतं.

टाकायचाच असेल तर आधी जुना पॅक कंट्रोल पॅनेलमधून काढा, मशिन रीस्टार्ट करा, रिस्टोअर पॉइंट (बिघडलं तर मागे जायची विंडोजची सोय) तयार करा. मग एकच पॅक, त्याच्या अधिकृत साइटवरून. के-लाइटच्या बेसिक, स्टँडर्ड, फुल आणि मेगा अशा चार आवृत्त्या आहेत; नुसते कोडेक हवे असतील तर बेसिक पुरते, एमपीसी-एचसीसकट हवा असेल तर स्टँडर्ड. ‘मेगा’ नाव ऐकून तीच उचलायचा मोह होतो, पण तिच्यातलं जादा सामान व्हर्च्युअलडबसारख्यात व्हिडिओ तयार करणाऱ्यांसाठी आहे. त्याहूनही सुटसुटीत हवं असेल तर नुसते लाव्ह फिल्टर्स बसवा. ते मोफत आहेत, आणि ३२ व ६४ बिट दोन्ही एकाच वेळी बसतात.